त्या डोळ्याला बरं कुणी केलं?

कारखान्यांचं गळीत सुरू झालं की कोल्हापुरात आमच्या ओपीडीत बुबुळाच्या जखमा वाढतात. उसाच्या पाल्याची कड डोळ्याला ओझरती लागली तरी ओरखडा उठतो आणि तिथून जंतू आत शिरतात.

बीडकडची ती तोडकरी बाई मुकादमाबरोबर आली तेव्हा डोळा लालभडक, बुबुळाच्या मधोमध पिवळट डाग आणि त्यामागे तळाशी पू साचलेला. मेडिकलमधून मिळालेले स्टेरॉइडचे थेंब ती घालत होती. त्यांनी लाली उतरते, बरं वाटतं आणि आत जंतू मोकाट सुटतो. चिठ्ठी न बघता हे थेंब विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

जखमेची कड खरवडून ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जंतूंच्या जांभळ्या जोड्या दिसल्या, कल्चरमध्ये म्हणजे जंतू वाढवून पाहिल्यावर न्यूमोकोकस हा जिवाणू आला. बुरशी नव्हती. सेफाझोलिन आणि टोब्रामायसिन या प्रतिजैविकांचे थेंब दर तासाला, रात्रीसुद्धा. तोडकऱ्यांच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, हे कोण करणार? म्हणून भरती करून घेतलं. डाग पसरायचा थांबला, पण जखम भरेना. तेव्हा रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांचा उपचार करायचं ठरवलं.

रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्व. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की त्यातून ऑक्सिजनचे तिखट रेणू सुटतात. ते जंतूंचं आवरण आणि डीएनए फोडतात आणि बुबुळातल्या कोलॅजनच्या धाग्यांना आपसात गाठी मारतात, त्यामुळे ते लवकर विरघळत नाहीत. आधी पॅकिमीटरवर जाडी पाहिली. सगळ्यात पातळ जागी ४०० मायक्रॉनच्या वर भरली. कमी असती तर मी लाईट लावलाच नसता. किरण खोल जाऊन बुबुळाच्या आतल्या थराच्या पेशी मारतात आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. हर्पिस विषाणूची लागण पूर्वी डोळ्यात होऊन गेली असेल तरीही नाही, ती परत उसळू शकते.

सुन्न करून ०.१ टक्क्याचे पिवळे थेंब मुरवत ठेवले, मग ३ मिलिवॉटचा प्रकाश ३० मिनिटं. पिवळा ओघळ तिच्या कानापर्यंत गेला होता. हाताच्या भेगांत उसाचा काळा चीक बसलेला, त्याच हातानं तिनं चादर घट्ट धरली होती.

"भाजंल का वं मॅडम?"

"नाही गं. दिव्याकडं बघत राहा."

त्यानंतर पू ओसरला, जखम भरत आली. मधोमध फूल, म्हणजे पांढरा वण, राहिलं, नजर अधू राहिली, पण डोळा वाचला. मुकादम सगळ्यांना सांगत सुटला, मॅडमनी लाईटनं बरं केलं. मला तसं म्हणता येत नाही. थेंब चालूच होते. स्टेरॉइडही बंद केलं होतं. एका रुग्णावरून यातलं श्रेय कुणाचं ते वेगळं काढता येत नाही, आणि तरी रात्री तेच डोक्यात फिरतं: लाईट आधी लावला असता तर फूल लहान राहिलं असतं का?

मग त्याच फडाचे शेतकरी आले. "त्या बाईला लाईट दिला न्हवं, आमास्नी पण द्या की." त्यांच्या जखमा खरवडून पाहिल्या तर बुरशीचे धागे होते. अरविंद नेत्र रुग्णालयातल्या चाचणीत बुरशीच्या जखमांवर या उपचाराचा फायदा दिसला नव्हता. तो अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. मी नाही म्हटलं आणि नॅटामायसिन हे बुरशीवरचे थेंब लिहून दिले. ते नाराज झाले. पैसे वाचवायला हयगय करते असं त्यांना वाटलं असावं. पण थेंब मात्र वेळेवर घालतात, आणि पुढच्या तपासणीला येतात.