'लाभ' म्हणताच भरणारी पायली

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून आणि पात्रे रंगवून खेळायच्या खेळातली आमची एक लांबलचक गोष्ट, म्हणजे मोहीम, चालू आहे, आणि गेल्या पावसाळ्यापासून तिच्यात एक लोखंडी पायली, म्हणजे धान्य मोजायचे माप, फिरत आहे. ती शापित आहे हे खेळाडूंना कळायला सात बैठका लागल्या, आणि कळल्यावरही त्यांनी ती टाकून दिली नाही. शापित वस्तू कशी रचावी याचा विचार मी बरीच वर्षे करत आलो आहे. या पायलीच्या वेळी तो प्रथमच मनासारखा उतरला, म्हणून तिची घडण सविस्तर लिहून ठेवतो.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एका लहान गावात खेळतो. गावातले काका कृषी केंद्र चालवतात आणि त्यांच्या गोदामात खताच्या पोत्यांमध्ये टेबल लावायला जागा आहे. रविवारी रात्री काका, आरोग्यसेविका असलेली माझी वहिनी, माझा मावसभाऊ आणि अमरावतीला शिकणाऱ्या दोन मुली असे पाच खेळाडू तिथे जमतात. प्रत्येक जण एकेक पात्र चालवतो, आणि मी खेळ चालवतो. ज्या आठवड्यात कृषिपंपांना रात्रीची वीज असते, त्या आठवड्यात मावसभाऊ मध्येच उठून मोटर सुरू करायला शेतात जातो, आणि तो परतेपर्यंत त्याचे पात्र झोपलेले आहे असे आम्ही मानतो. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा आहे. जानेवारी २०२३ मध्ये या आवृत्तीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, तेव्हापासून त्यातले लागणारे भाग मी मराठीत उतरवून सर्वांना छापून देतो.

१९७४ साली हा खेळ प्रथम प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या आरंभीच्या काळापासून शापित वस्तू त्यात आहेत. त्यांपैकी बऱ्याच वस्तू सापळ्याच्या जातीच्या असतात: दिसायला चांगली तलवार हातात घ्यावी आणि ती सुटू नये, किंवा चिलखत अंगावर चढवल्यावर ते घातक आहे हे कळावे. मीही पूर्वीच्या मोहिमेत अशीच एक तलवार ठेवली होती. वहिनीच्या पात्राने ती उचलली आणि मी तिला सांगितले की आता तुझे पात्र जवळच्या कोणावरही वार करील, ते तुझ्या हाती नाही. पुढचे दोन तास तिचे फासे मी टाकत होतो आणि ती पाहत बसली होती. दिवसभर उपकेंद्रात काम करून ती आठवड्यातले तेवढेच तीन तास स्वतःसाठी काढते, आणि त्यातले दोन मी काढून घेतले होते. चूक सर्वस्वी माझी होती. खेळाडूचा निर्णय हिरावून घेणारा शाप खेळच थांबवतो, हे मला त्या रात्री कळले.

नियमांत दिलेल्या बर्सर्कर अ‍ॅक्स या कुऱ्हाडीचा मी नंतर बारकाईने अभ्यास केला. ती धारकाला पातळीगणिक एकेक जादा प्राणबिंदू, म्हणजे पात्राचा जीव मोजणारा गुण, देते आणि वाराला एकाची भर घालते, म्हणजे ती खरोखरच उपयोगी आहे. मात्र शत्रूने जखम केली की वीस पैलूंच्या फाशावर पंधराची कसोटी पार करावी लागते, नाही तर धारक पिसाळून सर्वांत जवळ असेल त्याच्यावर, मग तो मित्र का असेना, तुटून पडतो. या रचनेतला पहिला अर्धा भाग मला फार आवडतो, कारण तिथे वस्तू ठेवून घ्यावीशी वाटण्याचे कारण खरे आहे. दुसऱ्या भागात लाभ आणि हानी यांचे काही नाते नाही. प्राणबिंदू मिळतात म्हणून पिसाळणे येते असे नाही. दोन गोष्टी फक्त एका दांड्याला बांधल्या आहेत. मला असा शाप हवा होता की ज्यात मिळणारी वस्तू आणि द्यावी लागणारी किंमत एकच असेल, आणि किंमत भरणारा मात्र दुसरा असेल.

पायली तिथून आली. चार शेरांचे हे माप आमच्या घरी अजून माळ्यावर पडून आहे. आजोबा खळ्यावर ज्वारी मोजत तेव्हा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत, आणि मग दोन, तीन अशी मोजणी पुढे जाई. शीग लावून भरलेले माप आणि हात फिरवून सपाट केलेले माप यांतला फरकही त्यांनीच मला दाखवला होता. धान्य उसने देणाऱ्यांची देण्याची पायली वेगळी आणि घेण्याची वेगळी असे, सवाईने, म्हणजे सव्वापट फेडीच्या बोलीने, नेलेले दिढीने, म्हणजे दीडपट, फेडावे लागे, हे ते सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे. माझी पायली अशाच एका सावकाराने मोहिमेतल्या जुन्या राज्यात घडवून घेतली आहे. ती जमिनीवर ठेवून 'लाभ' म्हटले की शिगोशीग भरते. दिवसातून तीन वेळा भरते, आणि एका पायलीत आठ माणसांचे एका दिवसाचे जेवण होते असे मी ठरवले.

हे धान्य निर्माण होत नाही. कोसभराच्या आत ज्या गावाचा साठा सर्वांत जवळ असेल, त्याच्या पेवातून, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यातून, किंवा ढोलीतून ते कमी होते. सगळा शाप एवढाच आहे. धारकाला ती कसलीही इजा करत नाही, त्याला तिची भूलही पडत नाही.

या वस्तूचा उपयोग करायचा तर तिच्याशी अट्यूनमेंट करावे लागते, म्हणजे किमान तासभर तिच्याजवळ लक्ष लावून बसावे लागते. आम्ही त्याला सूत जुळणे म्हणतो. एका पात्राचे एका वेळी तीनच वस्तूंशी सूत जुळू शकते. वस्तूचे गुण ओळखण्याच्या बहुतेक उपायांनी, आयडेंटिफाय या मंत्रानेसुद्धा, शाप उघड होत नाही असे नियमच सांगतो. पण नियम लपवू देतो म्हणून खेळ चालवणाऱ्याने सगळेच लपवावे, हे मला मान्य नाही. शाप मंत्राने कळत नसेल तर तो डोळ्यांनी कळला पाहिजे, आणि म्हणून मी पहिल्या दिवसापासून खुणा पेरल्या. एका गावाजवळ पायलीत ज्वारी आली, पुढच्या गावाजवळ तूर. घनदाट जंगलात, जिथे कोसभरात वस्ती नव्हती, तिथे तीनदा 'लाभ' म्हणूनही ती रिकामीच राहिली. तिसरी खूण मी प्रत्येक वेळी सांगत होतो: धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला असे, आणि डाळीला राख चोळलेली असे.

माझ्या वहीत प्रत्येक गावाच्या साठ्याचा आकडा होता. ज्या खोऱ्यात त्यांनी मुक्काम केला तिथल्या गावाकडे ४० पायल्या होत्या, आणि रोज तीन या हिशेबाने तेराव्या दिवशी त्यात एकच उरणार होती. तेरा हा आकडा मी ठरवून आणलेला नव्हता, पण तो आला तेव्हा बदलला नाही. दरम्यान पात्रे त्या पायलीच्या बळावर नावाजली होती. दुष्काळातून पळून आलेल्या कुटुंबांना ती जेवू घालत होती, आणि मावसभावाचे पात्र, ज्याच्याशी पायलीचे सूत जुळले होते, त्याला लोक अन्नदाता म्हणू लागले होते. फाशांवर त्याला एरवी कधी यश येत नाही, त्यामुळे टेबलाभोवतीही सर्वांना त्याचे कौतुक होते. शापाची जागा मला इथेच हवी होती, माणूस सर्वांत चांगले काम करत असतो तिथे.

सातव्या बैठकीत मी पुन्हा एकदा पाल्याचे वर्णन केले, तेव्हा काकांनी फासा खाली ठेवला आणि विचारले, "जादूच्या धान्यात कडुनिंबाचा पाला काऊन येईन?" कोणी काही बोलले नाही. दाण्याला कीड लागू नये म्हणून पाला घालतात आणि डाळीला राख चोळतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. साठवणारा असल्याशिवाय पाला असू शकत नाही. वहिनी हळूच म्हणाली, "कोनाच्या तरी घरचं हाय हे." पुढचा तासभर मला जवळजवळ काही बोलावे लागले नाही. त्यांनी रात्रीच गाव गाठले आणि पेवाचे तोंड उघडले. मुलींपैकी एकीचे पात्र लगेच आत उतरायला निघाले, तर काकांनी तिला अडवले, कारण बंद पेवात धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपतो आणि कर्बवायू साठतो, आणि तोंड उघडून हवा खेळू दिल्याशिवाय आत उतरलेली माणसे गुदमरून मेलेली आहेत. मी त्यासाठी शरीरबलाची कसोटी तयार ठेवली होती. ती वापरावी लागली नाही याचा मला फार आनंद झाला. सकाळी कंदील सोडला तेव्हा तळाशी फक्त पाला दिसला.

मावसभावाने त्या वेळी पायली देण्यास नकार दिला. "मी थांबलो तर थे लेकरं उद्या काय खातीन, दादा?" असे त्याने मला विचारले, त्याच्या पात्राच्या आवाजात नव्हे, स्वतःच्या. दोन्हीकडची माणसे उपाशी होती आणि त्याचा प्रश्न योग्य होता. कोणताही नियम त्याला पायली सोडायला भाग पाडत नव्हता, म्हणूनच तो वाद खरा झाला.

एक गोष्ट मी या रचनेत कटाक्षाने टाळली, आणि तिच्याबद्दल मला तीव्रपणे वाटते. पायलीमागे करणी करणारी बाई, भानामती किंवा गुप्तधनासाठी दिलेला बळी असे काहीही नाही. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि आरोग्यसेविका म्हणून वहिनीने अशा संशयांनी घरे मोडलेली पाहिली आहेत. ज्या कल्पनेने शेजारच्या गावात खऱ्या बाईला मार बसू शकतो, ती मी रविवारच्या खेळात करमणूक म्हणून आणणार नाही. सावकाराचे माप पुरेसे भयंकर आहे, आणि त्यात कोणाही निरपराध माणसाकडे बोट जात नाही.

सुटकेचा मार्ग ठरवताना मी सर्वांत जास्त वेळ घेतला. रिमूव्ह कर्स हा तिसऱ्या पातळीचा मंत्र नियमाप्रमाणे शापित वस्तूचा शाप घालवत नाही. तो धारकाचे सूत तेवढे तोडतो. वहिनीच्या पात्राने तो वापरला, मावसभावाचा हात मोकळा झाला, आणि पेव रिकामेच राहिले. पायलीच्या बुडाशी कोरलेली अट त्यांना मग वाचता आली: जेवढी मापे काढली तेवढी स्वतःच्या कष्टाच्या धान्याने भरून, प्रत्येक वेळी 'लाभ' म्हणून, ज्याची त्याला परत करावीत, मग ते साधे लोखंडी माप होईल. प्रथम मी परतफेड दिढीने लिहिली होती. त्यांनी एकूण ४७ पायल्या काढल्या होत्या, तेव्हा साडेसत्तर द्याव्या लागल्या असत्या. ते पान मी फाडले. दिढी ही सावकाराची रीत होती, आणि ती त्यांच्याकडून वसूल केली असती तर मी त्याच्या बाजूला जाऊन बसलो असतो.

आता ती पाचही पात्रे, ज्यांनी एकेकाळी ड्रॅगनशी लढण्याची तयारी केली होती, एका खोऱ्यात ज्वारीची कापणी करत आहेत, आणि पळून आलेली कुटुंबे मजुरीला त्यांच्याबरोबर आहेत. कापणीसाठी मी फाशांचा नवा तक्ता केला आहे. त्यात अवकाळी पाऊस आहे, रानडुकरे आहेत आणि चांगला दिवसही आहे. पहिली पायली परत भरली तेव्हा मावसभाऊ उभा राहिला आणि 'लाभ' म्हणाला. आतापर्यंत १९ परत गेल्या आहेत, २८ बाकी आहेत. येत्या रविवारी विजेची पाळी दिवसाची आहे, त्यामुळे त्याला मध्येच उठावे लागणार नाही.