येळवशीच्या दुपारी

वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, रात्री साडेदहा

अंगाला अजून चुलीच्या धुराचा वास आहे, आंबिलीनं पोट तट्ट झालंय. झोप येत नाही ती मात्र आंबिलीमुळं नाही.

आमचं रान औसा तालुक्यात. दुपारी कडब्याच्या कोपीतल्या पांडवांची, म्हणजे चुना दिलेल्या पाच दगडांची, पूजा झाली, चुलत्यांनी 'ओलगे ओलगे' म्हणत पिकाला आंबील शिंपडली, पंगत बसली. मी दुसऱ्यांदा भज्जी वाढून घेत होतो तेवढ्यात पुतणी म्हणाली, "काका, ते काय?"

लातूरच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला, निम्म्या आभाळात काहीतरी पांढरं. खाली जरा निमुळतं. चमक नाही, आवाज नाही, जागचं हलणं नाही. चुना दिलेल्या पांडवासारखं नुसतं बसलेलं.

"दिसा चांदणी पडली का रं?" आजी म्हणाली. चुलते म्हणाले, "पाऊस पळवायचं इमान असंल." २०१५ साली औरंगाबादेहून कृत्रिम पावसासाठी विमान उडालं, तेव्हापासून आमच्याकडं आभाळात काहीही दिसलं की आळ त्याच्यावर. मग मार्गशीर्ष का असेना.

पुतणीनं हुरड्याच्या कणसातला एक दाणा काढला, एक डोळा मिटला आणि हात ताठ करून तो दाणा त्या पांढऱ्यावर धरला. "बरोब्बर झाकतंय, काका." मीही धरून बघितला. झाकत होतं. दाणा खिशात टाकला.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरात विज्ञान शिकलेला मी एकटा. हात पुसत सांगून टाकलं, फुगा आहे. हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथून हायड्रोजन भरलेले प्लास्टिकचे अवाढव्य फुगे सोडतात, वाऱ्याबरोबर ते इकडंही येतात. काम झालं की यंत्रं रंगीत पॅराशूटनं खाली उतरतात. रानात सापडली तर हात लावायचा नाही, पोलिसांना कळवायचं. हे सगळं खरंच आहे. "फुगा हाय म्हणं," करत मंडळी पुन्हा ताटावर बसली.

वीसेक मिनिटांनी वर बघितलं तर आभाळ कोरं. कधी गेलं, कुणीच बघितलं नाही.

आत्ता कागद घेऊन बसलो. ते फुगे फार तर ८५ मीटर रुंद, आणि उंची कमीत कमी ३० किलोमीटर. लांबवलेल्या हाताशी हिशेब केला तर तो फुगा पावणेदोन मिलिमीटर भरतो, तोही अगदी डोक्यावर असला तर. म्हणजे मोहरी. खिशातला दाणा पट्टीवर ठेवला, चार मिलिमीटर. मोहरी झाकायला ज्वारी कशाला लागेल? खाली उतरत होता म्हणावं तर इतका वेळ एका जागी राहिला नसता. शुक्र सूर्याला सोडून फार लांब जात नाही आणि सूर्य आमच्या पाठीशी, दक्षिणेला. चंद्राचं तर नावच नको, अमावस्येला कुठला चंद्र! थोरला भाऊ ड्रोन म्हणतो. असला निमुळता, पांढरा ड्रोन मी तरी बघितलेला नाही. मोबाइलमधला फोटो मोठा केला तर निळ्यावर चार पांढरे चौकोन.

मघाशी आजी अंथरुणातूनच विचारत होती, "त्या फुग्याला दोरी नसती का रं?"

"नसते," म्हणालो आणि दिवा घालवला. ती झोपल्यावर परत लावला.