जुना पॉवर कंडिशनर दुरुस्त करू की नवा घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

ज्यांच्या घरी टर्नटेबल आहे, जुना चांगला अ‍ॅम्प आहे, अशा लोकांकडून हा प्रश्न मला हमखास येतो. रॅकमध्ये सगळ्यात खाली एक काळा डबा असतो, हाच पॉवर कंडिशनर, म्हणजे भिंतीतली वीज गाळून, व्होल्टेजच्या उसळ्या अडवून किंवा ते स्थिर करून यंत्रांना देणारा, पंधरा-वीस वर्षं जुना, त्यातून घूंऽऽ आवाज यायला लागलेला असतो किंवा प्रोटेक्शनचा दिवा बंद पडलेला असतो, आणि मग फोन येतो की काका, याचं काय करू, दुरुस्त होईल का नवीन घेऊन टाकू?

आधी डबा उचलून बघा. गंमत नाही करत. जड असेल, म्हणजे एका हाताने उचलताना खांदा कुरकुरत असेल, तर आत ट्रान्सफॉर्मर आहे, आणि तांबं-लोखंड सहसा मरत नाही, त्याच्या आजूबाजूच्या स्वस्त वस्तू मरतात. असा डबा दुरुस्त करायचा. हलका असेल तर आत चार-सहा पार्ट, एक-दोन चोक (तारेची वेटोळी) आणि भरपूर हवा आहे, आणि मग प्रश्न एवढाच की बॉडी आणि सॉकेट चांगली आहेत का. सॉकेट सैल झाली असतील, प्लग घातल्यावर लोंबकळत असेल, काढल्यावर गरम लागत असेल, तर बाकी काहीही न बघता टाकून द्या, कारण आग तिथूनच लागते.

हलक्या डब्यात जुनं होतं काय, तर पहिली एमओव्ही. निळी नाहीतर पिवळी गोल चकती, आत झिंक ऑक्साइड. व्होल्टेज उसळलं की ती चकती करंट वाहून न्यायला लागते आणि उसळी स्वतःवर घेते, पण प्रत्येक मोठ्या उसळीत थोडी थोडी खचते, आणि खचली की नॉर्मल व्होल्टेजलाही थोडा करंट सोडायला लागते, त्याने गरम होते, गरम झाली की अजून सोडते. चांगल्या डब्यात तिच्याबरोबर थर्मल फ्यूज (तापला की उडणारा) असतो, तो उडतो आणि दिवा बंद होतो. साध्या डब्यात काळा डाग पडतो आणि वास येतो. मल्टिमीटर लावून चकती किती खचलीय ते कळत नाही, त्यामुळे डबा उघडलाच असेल तर विचार न करता बदलायची, चहा-वड्याच्या पैशात येते. फक्त नंबर बघून घ्या. ४३१ म्हणजे २७५ व्होल्ट एसीची, ४७१ म्हणजे ३०० ची, ५११ म्हणजे ३२० ची. आपल्याकडे रात्री अकरानंतर कितीतरी ठिकाणी २५० च्या वर लाइन जाते, तिथे २७५ वाली सतत काठावर बसते, मी तरी ३०० किंवा ३२० चीच टाकतो. आणि फ्यूज उडालाय म्हणून तार जोडून बायपास कुणी केला असेल तर त्या माणसाकडे परत जाऊ नका.

दुसरे एक्स-टू कपॅसिटर, फेज आणि न्यूट्रलच्या मधले, लाइनमधली खरखर गाळणारे. आत छोटा स्पार्क झाला की यातली मेटल फिल्म तेवढीच जागा जाळून स्वतःला वाचवते, म्हणून ते शॉर्ट होत नाहीत, पण वर्षानुवर्षं असं होत होत क्षमता उतरते. हे मात्र मीटरवर दिसतं. छापील आकड्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त उतरलेला भरला तर बदला. फेज ते अर्थमध्ये जे छोटे असतात ते वाय क्लासचेच, म्हणजे सहसा शॉर्ट न होणारे, हवेत, तिथे दुकानदाराने 'हा पण चालेल' म्हणून दिलेला साधा कपॅसिटर शॉर्ट झाला आणि घराचं अर्थिंग तुटकं असलं तर फेज सरळ तुमच्या अ‍ॅम्पच्या पत्र्यावर येतो.

एक तक्रार हल्ली वाढलीय, नवीन फ्लॅटमध्ये गेल्यावर जुना कंडिशनर लावला की आरसीसीबी (अर्थला करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) ट्रिप होतो. लोकांना वाटतं वायरिंग खराब आहे. बऱ्याचदा असतं एवढंच की फेज-अर्थमधली एमओव्ही म्हातारी झालीय, तिची आणि वाय कपॅसिटरची गळती मिळून अर्थला जातीय, आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. जुन्या घरात आरसीसीबीच नव्हता म्हणून इतकी वर्षं कळलं नाही.

आता जड डबे. ऐंशी-नव्वदच्या काळात ऑफिसात काँप्युटर आले तेव्हा त्यांच्याबरोबर सीव्हीटी (कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) आले, आणि ऑफिसांनी यूपीएस घेतले तसे ते भंगारातून ऑडिओवाल्यांच्या घरी पोचले. ही जोसेफ सोला नावाच्या माणसाची १९३८ ची युक्ती. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी कोअर मुद्दाम सॅच्युरेट करायचा, म्हणजे चुंबकत्वाने पुरता भरायचा, आणि एका कपॅसिटरबरोबर रेझोनन्समध्ये ठेवायचा, मग इनपुट १८० होवो का २६० होवो, आउटपुट जवळपास तेवढंच. म्हातारा सीव्हीटी आउटपुट कमी द्यायला लागला तर दहात नऊ वेळा तो तेलाचा कपॅसिटर उतरलेला असतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त एसी व्होल्टेजचा टाकला की माणूस उठून बसतो. मात्र घुमणं आणि लोड नसतानाही गरम होणं हा त्याचा स्वभावच आहे, तो दुरुस्तीने जात नाही, शेजारच्या खोलीत ठेवा. आणि मोठा अ‍ॅम्प त्याच्यावर लावू नका. साध्या सीव्हीटीची वेव्ह डोक्यावर चपटी असते, मीटर २३० दाखवतो पण पीक ३२५ पर्यंत पोचत नाही, अ‍ॅम्पच्या आतलं डीसी पीकवर भरतं, त्यामुळे ते कमी भरतं आणि तबल्याबरोबरच्या डग्ग्याला दम लागतो. टर्नटेबल, प्रीअ‍ॅम्प, सीडी प्लेअर खुशाल लावा.

सर्व्हो स्टॅबिलायझर, म्हणजे मोटरने ब्रश सरकवून व्होल्टेज राखणारा डबा, असेल तर अजून सोपं, कार्बन ब्रश झिजतो आणि ट्रॅकवर काजळी बसते. ब्रश बदला, ट्रॅक साफ करा. पार्ट हवे असले तर पुण्यात तपकीर गल्लीत चक्कर मारा, मुंबईत लॅमिंग्टन रोड.

घुमण्याबद्दल अजून एक. डबा नाही, अ‍ॅम्पच घुमतोय आणि कधी घुमतो कधी नाही, असं असेल तर कंडिशनर बदलून फरक पडेलच असं नाही. टोरॉइडल (कड्यासारख्या गोल) ट्रान्सफॉर्मरच्या कोअरला गॅप नसते, लाइनमध्ये थोडं जरी डीसी आलं तरी तो सॅच्युरेट होऊन गुरगुरतो. आणि डीसी येतं कुठून, तर शेजारी कुणीतरी हेअर ड्रायर अर्ध्या हीटवर चालवतंय, त्यातला डायोड अर्धीच वेव्ह खातो. त्याला डीसी ब्लॉकर लागतो, दोन-चार मोठे कपॅसिटर आणि एक डायोडचा ब्रिज, बस.

अमेरिकेतून परत आलेले लोक तिकडचा १२० व्होल्टचा भारी कंडिशनर घेऊन येतात आणि विचारतात की आतल्या एमओव्ही बदलून २३० चा करता येईल का. मी नाही म्हणतो. एमओव्ही १५० व्होल्टच्या असतात हे खरं, त्या बदलता येतील, पण रिले, दिव्यांचा सप्लाय, सेन्सिंग सगळं १२० चं आहे. आणि आत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झपुरताच बेतलेला असेल तर २३० चे १२० करणाऱ्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरमागे लावूनसुद्धा आपल्या ५० वर त्याचा कोअर वीस टक्के जास्त भरतो, गरम होतो, घुमतो. तिकडेच कुणाला तरी देऊन यायचा.

आवाज सुधारतो का, हेही विचारतातच. माझं मत, नीट बनवलेल्या अ‍ॅम्पमध्ये फारसा नाही, मी कंडिशनर वाचवण्यासाठी वापरतो, ऐकण्यासाठी नाही. आणि आपल्याकडे यंत्रं मारणारी खरी गोष्ट वीज पडणं नाहीच, ती आहे तुटलेला न्यूट्रल. पावसात खांबावर न्यूट्रल निसटला की एका घरात १५० आणि दुसऱ्यात ३५०, आणि ते मिनिटंन्‌मिनिटं टिकतं, तिथे एमओव्ही बिचारी जळून जाते, तिचं कामच मायक्रोसेकंदांचं आहे. म्हणून नवीन घ्यायचाच असेल तर डब्यावर किती स्टेजचं फिल्टर लिहिलंय ते नंतर बघा, आधी बघा की ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ आहे का आणि लाइट परत आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मग चालू करतो का. डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मेन स्विचबोर्डात, टाइप टू एसपीडी (उसळी अडवणारं यंत्र) बसवून घ्या, त्याच्यावर हिरवी खिडकी असते, लाल झाली की कार्ट्रिज बदलायची. आणि हे सगळं करण्याआधी वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, एक-दोन व्होल्ट ठीक, सात-आठ दिसले तर आधी तिथे खर्च करा, कारण अर्थ धड नसेल तर नवा काय नि जुना काय, फेज-अर्थमधलं फिल्टर आणि एमओव्ही नुसतीच शोभेला.

घरी दुरुस्त करणार असाल तर प्लग काढल्यावर लगेच पिनांना हात लावू नका, ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर रिकामा करणारा) गेलेला असला तर कपॅसिटर चांगलाच चावतो. दुरुस्त झाल्यावर पहिल्यांदा १०० वॉटच्या सिरीज बल्बवर, म्हणजे फेजच्या वाटेत एक जुना तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) जोडून, चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि निदान फ्यूज तरी वाचला.

आणि जड डबा टाकायचाच ठरवलात तर अख्खा देऊ नका, ट्रान्सफॉर्मर काढून वेगळा विका, भंगारवाला तांब्याचा भाव वेगळा देतो.