प्रोग्रॅमसाठी आणि गद्यासाठी प्लगइन निवडताना

बेळगावात उद्यमबागेतील कारखान्यांसाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिणे आणि सवडीने मराठीत ललित लेखन करणे, ही दोन्ही कामे मी ईमॅक्स या मजकूर-संपादकातच करतो. प्रोग्रॅमिंगपुरती निवड सोपी आहे. २०२३ मधील २९व्या आवृत्तीपासून एग्लॉट हा भाषेच्या सर्व्हरशी जोडणारा भाग ईमॅक्समध्ये अंतर्भूतच असल्याने, त्या प्रोग्रॅमिंग भाषेचा सर्व्हर (कोड तपासून सूचना देणारा वेगळा प्रोग्रॅम) बसवला की चुका दाखवणे आणि नावे पूर्ण करणे वेगळ्या प्लगइनशिवाय होते.

गद्याची गोष्ट निराळी. मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडून येत असल्यामुळे ‘खानापूरकडच्यांनासुद्धा’ यासारखे रूप शब्दसूचीत बहुधा सापडत नाही आणि ईमॅक्समधील शुद्धलेखन तपासणारे फ्लायस्पेल निर्दोष शब्दांखालीही रेघा ओढते. म्हणून ते मी केवळ शेवटच्या वाचनाच्या वेळी चालू करतो. संवादात एखादे कन्नड वाक्य त्याच्याच लिपीत हवे असते (आमच्याकडे ते टाळणे खोटे वाटेल), तेव्हा ईमॅक्समधील देवनागरी व कन्नड आयट्रान्स पद्धती (रोमन अक्षरे टंकून त्या लिपीत लिहिण्याच्या) पुरतात. मजकूर मध्यभागी आणून बाकी सारे लपवणारी प्लगइन मला दिखाऊ वाटतात. जोडाक्षरे नीट दिसणे त्याहून महत्त्वाचे असून, त्यासाठी टर्मिनलऐवजी (आज्ञा टंकण्याच्या खिडकीऐवजी) हार्फबझ या अक्षरजुळणी करणाऱ्या लायब्ररीसह बांधलेला, स्वतंत्र खिडकीत चालणारा ईमॅक्स घ्यावा.