पडघ्याहून परत फिरवलेला कंटेनर

कांदा निर्यातबंदीची ७ डिसेंबर २०२३ची अधिसूचना ८ तारखेला सकाळी आमच्या हाती पडली, तेव्हा मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला जाणारे आमचे दोन कंटेनर दोन ठिकाणी होते. पहिला ६ तारखेलाच न्हावा शेवाच्या आत गेलेला. दुसरा पिंपळगाव बसवंतहून रात्री निघून पडघ्याजवळ ढाब्यावर उभा. माल एकाच खळ्यावरचा: ५५ मिलिमीटरच्या वरचा लाल कांदा, २० किलोच्या जाळीदार गोण्या, कंटेनरमागे १,४५० गोण्या, म्हणजे २९ टन. मॉरिशसला पोचला तो फक्त पहिला.

बंदीतून तीन प्रकारच्या मालाला सूट होती. जहाजावर चढवायला सुरुवात झालेला माल. शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडचा निर्यातीचा अर्ज, दाखल असून ज्याचं जहाज आधीच बंदरात आलं आहे आणि त्या जहाजाला रोटेशन नंबर, म्हणजे आल्याचा नोंदणी क्रमांक, मिळाला आहे असा माल. आणि बंदी येण्याआधी कस्टमच्या हवाली झालेला माल. तिसऱ्या प्रकारात नोंद संगणकात, तारीख-वेळेसकट असावी लागत होती. ड्रायव्हरच्या खिशातली गेटची चिठ्ठी तिथे चालत नव्हती. म्हणून सीएचएकडून, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाकडून, सगळ्यात आधी मागवला तो टर्मिनलच्या सिस्टीममधला गेट-इनचा, म्हणजे कंटेनर आत गेल्याच्या नोंदीचा, उतारा. हा माल ५ जानेवारीपर्यंत देशाबाहेर जायला हवा होता, त्यामुळे जहाजातली जागाही तेव्हाच पक्की करून घेतली.

अडचण निघाली एलसीत, म्हणजे कागद बरोबर असले तरच पैसे देण्याच्या आयातदाराच्या बँकेच्या हमीपत्रात. दोन्ही कंटेनरला मिळून एकच एलसी, आणि त्यात माल तुकड्यांत पाठवायला मनाई. एकच कंटेनर पाठवला असता तर कागद बँकेत अडकले असते आणि पैसेही. निर्यातीचा किमान दर तेव्हा टनाला ८०० डॉलर होता. २९ टनांचे २३,२०० डॉलर होतात. एलसीत दुरुस्ती आयातदाराच्या अर्जावरून त्याच्याच बँकेला करावी लागते. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथली बँक उघडायच्या आत आयातदाराला फोन लावला. "एक तर एक, पण तो नक्की पाठवा," म्हणाला, आणि दुरुस्ती संध्याकाळपर्यंत आली. अशा वेळी दुसऱ्या कुणी आधी भाव पाडून मागितला असता.

पडघ्याच्या कंटेनरबद्दल मात्र सगळ्यांचं एकच मत: वाशी जवळ आहे, तिथेच उतरवा. मला ते पटत नव्हतं. एक तर त्या दिवशी रस्त्यात अडकलेला प्रत्येक कंटेनर वाशीकडेच वळणार होता. पण खरं कारण पाण्याचं. आमचे कंटेनर रीफर, म्हणजे आत थंड हवा खेळवणारे. रीफरमध्ये ही हवा खालून, जमिनीवरच्या खाचांतून येते. २९ टन गरम माल एका रात्रीत गार होत नाही. रीफर माल थंड राखण्यासाठी असतो, झपाट्याने थंड करण्यासाठी नव्हे. सेटिंग २ अंशांचं असलं तरी खालच्या थरातल्या गोण्या सात-आठ अंशांवर येतात आणि वरच्या अजून अठराच्या आसपास असतात. नवी मुंबईची हवा डिसेंबरातही दमट. तिथे दार उघडलं की थंड कांद्याला घाम फुटतो, पत्तीखाली, म्हणजे वरच्या सालाखाली, पाणी बसतं आणि दोन-तीन दिवसांत काजळी, म्हणजे काळी बुरशी, धरते. त्यात २६ नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने आणि गारपिटीने निफाड पट्ट्यातला लाल कांदा आधीच मऊ झालेला. जास्त टिकणारा उन्हाळ कांदा असता तर एवढं जपावं लागलं नसतं.

म्हणून गाडी कसारा घाटातून वर बोलावली. निघायच्या आधी ड्रायव्हरला सांगून सेटिंग १५ अंशांवर घेतलं, व्हेंट, म्हणजे हवेचे झरोके, पूर्ण उघडे ठेवले आणि रीफरला वीज देणारा जेनसेट चालूच ठेवायला सांगितला. तासाला तीनेक लिटर डिझेल जळतं, ते सोसलं. जेनसेट बंद केला की वारा थांबतो, आणि कांद्याचा स्वतःचा ओलावा आतच कोंडतो. पिंपळगावला आल्यावरही दार लगेच उघडलं नाही. सेटिंग २० वर नेलं, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी दाराजवळच्या खालच्या गोणीतल्या कांद्यात तापमान मोजायचा प्रोब खुपसून बघितला. सतरा अंश. नाशिकच्या कोरड्या हवेत एवढं पुरतं. मगच दारावरचं कस्टमचं इलेक्ट्रॉनिक सील तोडलं.

तिकडे बाजार समित्यांतले लिलाव बंद होते, चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला होता. लिलाव सुरू होऊन भाव निघण्याची वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. तोवर माल सावलीत पसरला. लाकडी पट्ट्यांवर, कमरेच्या खाली थर, दोन्ही बाजूंनी वारा. गोण्या फोडून पुन्हा निवड केली. ओल्या मानेचे, जोड आणि काजळीचे ठिपके आलेले वेगळे काढले. बाकीचा माल लिलाव सुरू झाल्यावर उतरलेल्या भावात देशातच गेला. कागदांचं काम त्यामानाने सोपं: कंटेनर बंदरात शिरलाच नव्हता, म्हणून 'बॅक टू टाउन'ची, म्हणजे बंदरातून माल परत बाहेर काढायची, परवानगी लागली नाही, शिपिंग बिल रद्द केलं आणि फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा, दाखला परत दिला. रिकामा रीफर वेळेत डेपोत पोचवला नाही तर शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे उशिराचं भाडं, लागतं, तिकडेच काय ती धावपळ.

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे १९८३चा कर करार आणि तिथून येणारी गुंतवणूक आठवते. १ एप्रिल २०२१पासून व्यापाराचा व्यापक आर्थिक सहकार्य करारही लागू आहे, आफ्रिकेतल्या देशाशी भारताचा असा पहिलाच. पण असे करार मुख्यतः आयातशुल्क कमी करतात; निघणाऱ्या देशानेच दार लावलं तर त्यातली सवलत निरुपयोगी. अन्नपदार्थांच्या टंचाईत तात्पुरती निर्यातबंदी जागतिक व्यापाराच्या नियमांतही बसते. बेटावरचा आयातदार हे जाणून असतो, म्हणून तो इजिप्तचा भावही विचारून ठेवतो. त्याला दोष कसा द्यायचा?

फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राने मित्रदेशांसाठी कोटा दिला. त्यात मॉरिशसला १,२०० टन, म्हणजे आमच्या हिशेबाने चाळीसेक कंटेनर. एप्रिलपर्यंत बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका मिळून हा कोटा ९९,१५० टनांवर गेला. निर्यात नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेडमार्फत. तिने माल ई-प्लॅटफॉर्मवर सगळ्यात कमी दर देणाऱ्याकडून घ्यायचा, आणि समोरच्या सरकारने नेमलेल्या संस्थेला ठरलेल्या दराने, शंभर टक्के आगाऊ पैसे घेऊन द्यायचा, अशी तेव्हाची पद्धत होती. एलसीची भानगड त्यात उरत नव्हती. पण कमी दराच्या बोलीत पहिली काटछाट सुकवणीवर होते, आणि मार्चमध्ये येणारा नवा उन्हाळ कांदा पातीसकट तीन ते पाच दिवस शेतात, मग मान कापून दहा-बारा दिवस सावलीत सुकवल्याशिवाय रीफरमध्ये भरण्याजोगा होत नाही.