मेंढीचं नाव माझ्या वर

शनिवारी मी रॅम्पवर चालले. हसू नका. वय ४७, डावा गुडघा कुरकुरणारा, आणि अंगावर शेजारच्या बाईंनी चार महिने खपून केलेला फेल्टचा, म्हणजे न विणता एकजीव केलेल्या लोकरीचा कोट.

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनमध्ये राहायचं म्हणजे 'वर्ल्ड ऑफ वेअरेबल आर्ट' या कलात्मक पोशाखांच्या शोपासून सुटका नाही. सूझी मॉनक्रीफ या शिल्पकार बाईंनी १९८७ साली नेल्सनजवळच्या वेकफिल्डला एका तंबूत तो शो सुरू केला, २००५मध्ये तो इथे आला. त्याचं वेड गल्लीबोळात मुरलंय. आमचा कार्यक्रम मात्र लोकर कातणाऱ्या मंडळाचा, चर्चच्या हॉलमधला. रॅम्प म्हणजे खुर्च्यांमधली वाट.

कोट 'नूनो' फेल्टचा. विरळ रेशमी कापडावर मेरिनो लोकरीचे पातळ थर पसरायचे, गरम साबणपाणी शिंपडायचं आणि गुंडाळी करून लाटत बसायचं. लोकरीचे तंतू रेशमातून आरपार जाऊन एकमेकांत गुंततात, आक्रसतात, आणि रेशमाला सुंदर चुण्या पडतात. एक दिवस मीही लाटायला गेले होते. लग्नघरात पुरणपोळ्या लाटल्यावर दंड भरून येतात ना, तस्से.

तालमीत एका बाईंनी बजावलं, "तू हसू नकोस, लोकांनी कोट बघायचाय." बरं.

पण खरी मिरची झोंबली ती कार्ड बघून. प्रत्येक कपड्यासोबत एक कार्ड. त्यावर कातणारीचं नाव, रंगवणारीचं नाव, किती तास लागले ते, आणि लोकर जिची तिचं नाव. डेझी. मेंढी! त्याखाली, बारीक अक्षरात, मी. तेही स्पेलिंग चुकवून. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हे जरा अतीच. मेंढीचं कसलं कौतुक? आपल्याकडे धनगरांनी लोकर कातरली, सणगरांनी घोंगडी विणली, चिंचोक्याची खळ दिली, पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, कोणी कार्डं छापली नाहीत. आपल्या विठोबालाही घोंगडीच लागते.

नवरा म्हणाला, "आपली घोंगडी कोणी विणली होती?"

आता यावर काय बोलणार? ती घोंगडी मी इथे आणलीच नाही. सामानाला ३० किलोची मर्यादा होती, कुकर, मिसळणाचा डबा, पोळपाट आणायचा होता. शिवाय ती टोचायची. आणि इथल्या कस्टमला लोकरीचं काही दाखवायचं म्हणजे शंभर प्रश्न. कोणीही हेच केलं असतं.

तरी रात्री आईला फोन लावला. म्हटलं, ती काळी घोंगडी कोणाकडून घेतली होती गं?

"बाजारातून. तुझ्या आजोबांनी. नाव कोण विचारतं?" मग जरा थांबून म्हणाली, "त्या कोटाच्या आत स्वेटर घातला होतास ना? फोटोत गळा उघडा दिसतोय."

कोट मी अजून परत दिलेला नाही. खुर्चीवर टाकलाय. ओल्या साबणाचा वास अजून येतोय त्याला.