उतारावरचा न्यूट्रल

गाडीच्या मालकसाहेबांनी वर्कशॉपच्या जॉब कार्डवर तक्रार लिहायला लावली ती फक्त 'मायलेज कमी'. ड्रायव्हर पाणी प्यायला बाजूला गेल्यावर मात्र आवाज खाली आणून म्हणाले, "पेट्रोल काढतोय का, तेवढं बघा." माझं काम गाडी तपासायचं. पण तेव्हापासून तो ड्रायव्हर डोक्यातून जात नाही.

गाडी स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटरही चाकं फिरवते. कागदावर लिटरला २७ च्या वर, मिळत होते १६. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही, टायरची हवा बरोबर. बॅटरीच्या पंख्याची मागच्या सीटजवळची जाळीही पाहिली. तिथे सीट कव्हर किंवा सामान आलं की हवा अडते, बॅटरी तापते आणि सिस्टिम तिच्याकडून कमी काम घेते. जाळी मोकळी होती. बहुतेक जण इथे 'गाडी ओके' लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. मायलेजची तक्रार उभ्या गाडीत सापडतच नाही.

म्हणून ड्रायव्हरकाकांनाच चालवायला बसवलं, मी शेजारी. जुना कात्रज घाट चढलो. काका फार सफाईने चालवत होते. उगाच रेस नाही, हॉर्न नाही. बोगदा ओलांडून शिंदेवाडीकडे उतार लागला आणि त्यांचा हात सहज लिव्हरवर गेला. न्यूट्रल! खालच्या सिग्नललाही तेच.

"काका, हे कशाला?"

"तेल वाचतं ना साहेब. जीपपासूनची सवय आहे."

हायब्रिडची सगळी कमाई उतारावर आणि ब्रेकवर असते. गाडी D (ड्राइव्ह) मध्ये असली की चाकं मोटर फिरवतात, मोटर जनरेटर होते आणि बॅटरी भरते. N (न्यूट्रल) टाकला की ते बंद. घाट चढायला जाळलेल्या पेट्रोलमधून जे परत मिळायचं, ते ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जातं. सिग्नलला N मध्ये एसी बॅटरी खात राहतो, भरणारं कोणी नसतं. मग गाडी निघाली की इंजिन आधी बॅटरी भरत बसतं. काका जितकी काटकसर करत होते, तितकं पेट्रोल जास्त जात होतं.

परतताना नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरलो. याच उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकलेले ट्रक कसे अपघात करतात, ते पुण्यात कोणाला सांगायला नको. काकांना म्हटलं, D सोडायचा नाही. पाय आधीच उचला, ब्रेक लवकर आणि हलका धरा, डॅशबोर्डवरचा काटा चार्जच्या पट्ट्यात ठेवा. जोरात दाबलात की बाकीचं काम ब्रेक पॅड करतात आणि ते फुकट जातं. लांब घाटात बॅटरी भरली की B टाका, म्हणजे इंजिन गाडी अडवेल. बॅटरीच्या कांड्या एकेक वाढताना काका बघत होते. मग विचारलं, "म्हणजे आधीच्या डिझेल गाडीतपण चुकलंच का?"

खरं ते सांगितलं. कॉमन रेल, म्हणजे हल्लीच्या डिझेल इंजिनात, गिअरमध्ये पाय उचलला की उतारावर डिझेल सोडणारे इंजेक्टर बंद होतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला डिझेल लागतंच. जुन्या जीपमध्ये हिशोब वेगळा होता. काका पुढे काही बोलले नाहीत. ते सांगायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही.

साहेबांना मी काकांसमोरच सांगितलं, पेट्रोल कोणी काढलेलं नाही. ते म्हणाले, "मग आता किती देईल?" पुढच्या टाकीला २२ आले, हे मला काकांनीच फोन करून कळवलं.

माझा राग डिलिव्हरीच्या पद्धतीवर आहे. हार मालकाला, फोटो मालकाचा, सगळी फीचर्स मालकाला समजावतात. रोज चालवणारा माणूस तेव्हा गेटपाशी उभा असतो. हल्ली हायब्रिडची डिलिव्हरी असली की मी वर्कशॉपमधून शोरूममध्ये जातो आणि चालवणार कोण ते विचारतो. सेल्सवाले कुरकुरतात, पण N, B आणि हलका ब्रेक दाखवायला एक छोटी फेरी पुरते.